रंगमंचाखालची जमीन लाकडाची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या आपल्या अंकात शनिवारी शहरात झालेल्या समकालीन बॅलेच्या शुभारंभाच्या प्रयोगाचा फोटो आला होता. फोटोत समई आहे, समईभोवती सात मान्यवर आहेत आणि खाली चार ओळींत त्यांची नावं आहेत. ज्या अकरा मुलामुलींनी नंतर दीड तास नाचून दाखवलं, त्यांच्याविषयी त्या चार ओळींत काही नाही. मी सुतार आहे. त्या रंगमंचावर नाचासाठी जी तात्पुरती जमीन घातली होती, ती माझ्या हातची. त्या जमिनीविषयी मला आपल्या वाचकांना आणि मराठवाड्यातली नाट्यगृहं ज्यांच्या ताब्यात आहेत त्या अधिकाऱ्यांना काही सांगायचं आहे. पत्र लांब झालं आहे. कापावं लागलंच तर मधलं कापा, शेवटचं तेवढं राहू द्या.

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी आयोजकांपैकी एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. स्टेजवर लाकूडकाम आहे, दोन दिवसांत हवं आहे, येऊन बघा. नेपथ्याची कामं मी पंचवीस वर्षं करतोय. राज्य नाट्य स्पर्धेची, शाळांच्या गॅदरिंगची, गणपतीतली. वाटलं, एखादा जिना किंवा चौकट असेल. गेलो तर एक बाई स्टेजच्या मधोमध अनवाणी उभ्या होत्या. पस्तिशीच्या आसपासच्या, केस घट्ट बांधलेले. नाच बसवणाऱ्या त्याच. त्यांनी मला नमस्कार केला आणि काही न बोलता जागच्या जागी तीन उड्या मारल्या. मग म्हणाल्या, "दादा, ऐकलंत?"

ऐकलं होतं. सुताराला तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. खाली पोकळी असली की लाकूड घुमतं, भरीव असलं की नुसतं थप्प वाजतं, भिंतीवर थाप मारल्यासारखं. त्या स्टेजला खाली स्लॅब, स्लॅबवर सिमेंटचा थर, त्यावर थेट चिकटवलेला पातळ प्लाय आणि वर गालिचा. दिसायला छान दिसतं. बाई म्हणाल्या, "तालमी धरून इथे तीन दिवस नाचलो तर चौथ्या दिवशी माझी मुलं लंगडतील."

मग त्यांनी कारण सांगितलं. माणूस उडी मारून खाली येतो तेव्हा पायावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. जमीन थोडी दबली तर त्यातला काही भार जमीन घेते. नाही दबली तर सगळा घोट्यात, नडगीत, गुडघ्यात आणि कमरेत जातो. एका दिवसात काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं रोज तेच होत राहिलं की नडगी ठणकायला लागते, आणि तरीही नाचत राहिलं तर हाडाला केसाएवढी चीर जाते. संचातल्या एका मुलानं पँट वर करून नडगीवर बोट ठेवलं. "इथे, काका. आठ महिने घरी बसून होतो."

नाट्यगृहाच्या कचेरीत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की इथं नाटकं होतात, सत्कार होतात, स्नेहसंमेलनं होतात, आजवर कुणाची तक्रार नाही. तेही खरं असेल. तक्रार करणार कोण? पाय दुखतात ते शाळेतल्या पोरींचे, कथकच्या क्लासला जाणाऱ्या मुलींचे. नाचलं की पाय दुखायचेच, असं त्यांना वाटतं आणि त्यांच्या आयांनाही तसंच वाटतं. आई रात्री तेल चोळून देते आणि सकाळी पोरगी पुन्हा फरशीवर उभी राहते.

इथं मला माझ्या वडिलांविषयी लिहावं लागेल. आबा लोहा तालुक्यातले. माळेगावची खंडोबाची यात्रा आमच्यापासून जवळ. मार्गशीर्षात यात्रा भरली की आबा तमाशाच्या फडासाठी स्टेज उभारायला जायचे, आणि नऊ-दहा वर्षांचा झाल्यापासून मी त्यांच्यामागे खिळ्यांचा डबा धरून. खाली टिपाडं नाहीतर लाकडी घोडे, त्यांवर वासे, वाशांवर आंब्याच्या दीड इंची फळ्या. आबा फळी दोन्ही टोकांना ठोकायचे आणि मध्ये मोकळी ठेवायचे. एकदा मी मध्ये खिळा मारायला गेलो तर त्यांनी हातातून हातोडा काढून घेतला. "तितं नको. तितं बाई नाचणारंय." सगळं ठोकून झालं की चपला काढायचे आणि टाच आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. म्हणायचे, "फळी बोलली पायजे, कोकलली नाही पायजे." बोलणारी म्हणजे पायाखाली इवलीशी दबून परत वर येणारी. कोकलणारी म्हणजे ढिली. त्या फळ्यांवर बायका पायांत किलोकिलोंचे चाळ बांधून पहाटेपर्यंत नाचायच्या. एका सकाळी आम्ही फळ्या उचकटत असताना फडातल्या एक वयस्कर बाई आबांना म्हणाल्या होत्या, "दादा, तुमच्या फळीवर रात कळली नाही." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी बाईंनी मोबाईलवर आराखडा दाखवला. 'स्प्रंग फ्लोअर' म्हणतात त्याला. खाली ठरावीक अंतरावर आधार, आधारांवर मोकळं लाकूड, भिंतीला न टेकणारं. मी बघितलं आणि म्हणालो, "ताई, हे येतं मला."

काम असं केलं. नाचाची जागा ३२ बाय २४ फुटांची धरली. आठ बाय चारचा १२ एमएमचा प्लाय, एका थराला २४ शीट, दोन थर म्हणजे ४८. खाली दाट फोमचे दोन इंची ठोकळे, फूट-फूट अंतरावर. पहिला थर उभा घातला, दुसरा आडवा. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये, विटांच्या बांधकामात मोड देतात तसंच. स्क्रू पाऊण इंची, त्याहून मोठा नाही, नाहीतर टोक खालून बाहेर येतं. प्रत्येक स्क्रूचं डोकं लाकडात बुडवायचं, वर बोट फिरवून बघायचं. बाराशेच्या वर स्क्रू गेले. कडेला तीन इंचांची पायरी झाली तिथं उतरती पट्टी दिली, कारण विंगेतून धावत येणाऱ्याला अंधारात पायरी दिसत नाही. गुरुवारी रात्री दीड वाजता आम्ही तिघं थांबलो. मी चपला काढल्या आणि टाच आपटत ओळीओळीनं फिरलो. डाव्या अंगाला दुसऱ्या ओळीतलं तिसरं शीट मुकं होतं, बोलत नव्हतं. उघडलं तर खालचा एक ठोकळा सिमेंटच्या उंचवट्यावर चढलेला. तासून बसवला, तरी नीट होईना. पुन्हा काढला, खालचा उंचवटा पटाशीनं फोडला, तेव्हा कुठे बसला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी वर काळा व्हिनाइल, म्हणजे एका प्रकारचं प्लास्टिक, अंथरला. त्याला ही मंडळी मार्ले म्हणतात, पूर्वी तो बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून. पाच पट्टे, सांध्यांवर चिकटपट्टी. थंडीनं पट्टे ताठले होते, कडा वर वळत होत्या. वर दिवे लावून तासभर तापवले तेव्हा खाली बसले. मग मुलं तालमीला आली आणि पहिली उडी मारल्याबरोबर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. नडगीवर बोट ठेवून दाखवणारा तो मुलगा मात्र उड्या मारायचा थांबेचना.

चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याकडे आली. "काका, कानस आहे का तुमच्याकडे?" मला वाटलं खिळाबिळा निघाला. ती खाली मांडी घालून बसली, पिशवीतून गुलाबी साटीनचा बूट काढला आणि नव्या कोऱ्या चामड्याच्या तळव्यावर माझी कानस घासायला लागली, आडवी आणि तिरपी. नवा तळवा घसरतो म्हणून. तो बूट मी हातात घेऊन पाहिला. टोकावर उभं राहायचं तर आत लाकूड असणार, असंच मी धरून चाललो होतो. लाकूड नाहीच. कापडाचे आणि कागदाचे थर, मध्ये सरस, वाळवून कडक केलेले. पुढचा सपाट भाग काडेपेटीहून लहान. तेवढ्यावर सगळं अंग तोलायचं. फिती तिनं स्वतः जाड दोऱ्यानं शिवल्या होत्या, टाके बारीक आणि सारखे. मी विचारलं, किती दिवस टिकतो? ती म्हणाली, रोज नाचलं तर फार नाही, मोठ्या संचांत तर एका प्रयोगात एक जोड संपतो, पुढचा सरस घामानं मऊ पडतो. लाकडी जमिनीवर पकड यावी म्हणून बुटांना राळेची पूड लावतात, पण व्हिनाइलवर बाई लावू देत नव्हत्या, ओल्या फडक्यावर पाय घासायला लावायच्या. सरस, राळ, कानस. माझ्याच पेटीतल्या वस्तू त्या नाचात निघाल्या, याचं मला फार बरं वाटलं.

नाचाबद्दलही त्या दिवशी कळलं ते थोडक्यात लिहितो. हालचालींची नावं फ्रेंच आहेत, कारण फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजानं १६६१ साली नृत्याची अकादमी काढली आणि तिथून हे शिक्षण पद्धतशीर झालं. गुडघे वाकवणं म्हणजे प्लिए, रोजचा सराव तिथूनच सुरू होतो. पुढे १८३२ साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी ही नर्तिका पायांच्या टोकांवर अशी नाचली की ती जमिनीला टेकतच नाही असं लोकांना वाटलं, आणि मग शंभर वर्षं सगळ्यांची धडपड जमीन सोडायची राहिली. समकालीन बॅलेत शिक्षण तेच, बूटही तेच असू शकतात, पण अंगाचा भार लपवत नाहीत. पडतात, लोळतात, अनवाणी येतात, गोष्ट सांगितलीच पाहिजे असं नसतं. बाईंचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. "आमच्या नाचात जमीन ही बारावी नाचणारी आहे." मी त्या दिवशी ते घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

आता शनिवार. पत्रिकेवर साडेसहाची वेळ होती. मुलं पाचपासून विंगेत अंग तापवत होती. मान्यवर सव्वासातनंतर आले. जानेवारीतली संध्याकाळ, मागचा दरवाजा सामानासाठी उघडा, पातळ कपड्यांतल्या मुली. तापवलेलं अंग गार पडलं की स्नायू आखडतो, म्हणून त्यांनी मेकअप बिघडवून पुन्हा सगळा सराव केला. मग समई स्टेजच्या मधोमध आली. व्हिनाइलवर. मान्यवर बूट-चपलांसह चढले. बाहेर टँकरच्या पाण्याचा चिखल झाला होता, तो त्यांच्या पायांबरोबर आत आला. समईतलं तेल सांडलं. आणि नारळ तिथंच फुटला, पाणी दोन पट्ट्यांच्या सांध्यावर.

मी रंगदेवतेला मानणारा माणूस आहे. तिसऱ्या घंटेआधी विंगेत उदबत्ती लावल्याशिवाय मी कधी पडदा वर जाऊ दिलेला नाही. म्हणूनच लिहितो. पूजा स्टेजच्या कडेला, पाट ठेवून, त्यावर ताम्हण ठेवून करता येते. कुणी मुद्दाम काही केलं नाही हे मला माहीत आहे. पण व्हिनाइलवर सांडलेलं तेल दिसत नाही, ते फक्त पायाला कळतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. फोटो होईपर्यंत बाई हात जोडून उभ्या होत्या. पडदा बंद होताच त्या, मी, माझा पोऱ्या आणि चार मुली गुडघ्यांवर बसलो. साबणाच्या पाण्यानं एकदा, साध्या पाण्यानं दोनदा, मग कोरड्या फडक्यानं. तिरपा उजेड टाकून चकाकतं का ते पाहिलं. त्यात पंचवीस मिनिटं गेली. बाहेर लोक टाळ्या वाजवून घाई करत होते. त्यांना आत काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही. कुणी जाहीर केलं असतं तर लोक थांबले असते, आपले लोक तसे समजूतदार आहेत.

पडदा उघडला तेव्हा मी पाचव्या रांगेत होतो. बाईंनी मला दोन पास दिले होते, म्हणून बारावीतल्या मुलीला आणलं होतं. गॅलरी बंद, खाली तीनेकशे लोक असतील. पहिल्या भागात सात जणी. चौघी टोकाच्या बुटांत, तिघी अनवाणी. निळसर उजेड, मागे कोरा पडदा, नेपथ्य शून्य. पंधरा मिनिटांत मागची काही माणसं उठून गेली. माझी मुलगी कानाशी म्हणाली, "बाबा, हिची गोष्ट काय आहे?" मलाही सांगता येईना. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका आजींनी वळून सांगितलं, "पोरी, पखवाजाला गोष्ट असते का? बघ नुसतं." त्यानंतर ती बोलली नाही.

मग कानस मागणारी ती मुलगी एकटी पुढे आली. सूर थांबले. ती डाव्या पायाच्या टोकावर चढली आणि दुसरा पाय मागे उचलत गेली, इतका सावकाश की तो हलतोय हे मधूनच लक्षात येत होतं. सभागृहात फक्त तिच्या बुटाचा आवाज. टक. मग थोडं थांबून पुन्हा टक. घोट्याजवळची शीर थरथरताना पाचव्या रांगेतून दिसत होती. तिच्या पायाखाली डाव्या अंगाचं दुसऱ्या ओळीतलं तिसरं शीट होतं. मी खुर्चीचा हात धरून बसलो. ठोकळा सरकला असेल का, तेल राहिलं असेल का, एवढंच डोक्यात. ती उतरली ती टाच न वाजवता. आधी टोक, मग चवडा, मग टाच, कापूस ठेवावा तशी. तेव्हा मी श्वास सोडला, आणि पलीकडे कुणीतरी अगदी हळू "वा" म्हणालं. नाटकाला मिळते ती दाद मी आयुष्यभर विंगेतून ऐकत आलोय. अशी नव्हती ऐकली.

मध्यंतरात त्या आजींशी बोलणं झालं. त्या कथक शिकवायच्या, आता गुडघ्यांमुळे थांबल्या. गुडघ्यांचं कारण त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "चाळीस वर्षं शहाबादी फरशी." त्यांच्याकडूनच कळलं की अॅना पावलोवा ही जगप्रसिद्ध बॅले नर्तिका १९२२ मध्ये भारतात येऊन गेली होती, आणि १९२३ साली लंडनला तिनं आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले केला. आपले उदयशंकर त्याच वर्षी तिच्याबरोबर काम करू लागले. शंभर वर्षांपूर्वी! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातली नाचणारी स्त्री मी शाळेच्या सहलीत पाहिली आहे, भोवती वाजवणाऱ्या बायका. ते चित्र लंडनच्या रंगमंचावर कुणी पायांनी काढायचा प्रयत्न केला होता, आणि त्या लेण्यांच्या जिल्ह्यात मला हे पन्नाशीत कळतंय.

आजी आणखी एक म्हणाल्या, ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. यादवराजा सिंघणाच्या काळात देवगिरीला शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्याचा सातवा अध्याय पूर्ण नृत्याचा आहे. तो किल्ला आपल्या गच्चीवरून दिसतो. जिथं बसून एका माणसानं नाचणाऱ्याच्या मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्याचा शास्त्रोक्त विचार केला, तिथं आज नाचणाऱ्याच्या पायाखाली काय आहे याचा विचार कुणी करत नाही. आजींचा आवाज हे सांगताना चढला होता, आणि त्यांना मी काय उत्तर देणार?

दुसरा भाग अकरा जणांचा, सगळे अनवाणी. हा मला जास्त आवडला. ते धावत यायचे आणि गुडघा, मांडी, खांदा अशा क्रमानं जमिनीत विरघळल्यासारखे पडायचे, आणि त्याच वेगानं उठायचे. कुणी कुणाला उचलायचं, आणि उचललेलं माणूस पाणी सांडावं तसं खाली यायचं. दमलेले दिसायला त्यांना लाज वाटत नव्हती. श्वास ऐकू येत होता. सुरुवातीला मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्या आपोआप बंद झाल्या. शेवटाकडे अकराच्या अकरा एकदम वर गेले आणि एकदम खाली आले. अकरा माणसं. काँक्रीटवर तो आवाज कानात बसला असता. इथं जमिनीनं एकच खोल हुंकार दिला, मोठा ढोल घोंगडीत गुंडाळून वाजवावा तसा, आणि तो माझ्या खुर्चीतून पाठीत आला. फळी बोलली होती. आबा गेले त्याला चौदा वर्षं झाली. मला डोळे पुसावे लागले, आणि मुलीनं माझा हात धरला.

प्रयोग संपल्यावर मुलं प्रेक्षकांना वाकली, मग मागे वळून सगळ्यांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. बाईंनी मला स्टेजवर बोलावलं. मी चपला काढून गेलो.

रविवारी मुलीला घेऊन विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांवर गेलो. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात भिंतीवर एक नर्तिका कोरली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या सहा जणी. सगळ्या बायका. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीचं काम. मुलगी बराच वेळ तिथं बसली. छिन्नीचं काम करणाऱ्या त्या माणसानं नाचणारीकडे किती बारकाईनं पाहिलं असेल, हे मला तिथं प्रथमच जाणवलं.

आता माझी विनंती. आपल्याकडे नाट्यगृहांच्या दुरुस्त्या निघतात. बहुतेक जिल्ह्यांत एखादं नाट्यगृह बंद असतं, एखाद्याचं काम चालू असतं. मी अशा कामांच्या निविदा वाचतो, त्यावर माझं पोट आहे. खुर्च्या, वातानुकूलन, ध्वनी, रंग, दर्शनी भागाच्या काचा, सगळ्याची कलमं असतात. रंगमंचाच्या जमिनीचं कलम मी वाचलेल्या निविदांत असलं तर 'प्लाय बसवणे व गालिचा' एवढंच होतं. तिथं चार ओळी वाढवा. स्लॅबवर थेट काही चिकटवू नका. खाली रबराच्या किंवा दाट फोमच्या आधारावर लाकडी रिपा, त्यांवर दोन थरांत चांगला वॉटरप्रूफ प्लाय, सांधे मोडून, आणि भिंतीपासून अर्धा इंच मोकळी जागा, लाकूड पावसाळ्यात फुगतं म्हणून. वरचा पृष्ठभाग लाकडाचाच उघडा ठेवा. कथकला लाकडाचा आवाज लागतो, लावणीलाही लागतो. ज्यांना मार्ले हवा ते आपला आणतील आणि गुंडाळून नेतील. नाटकाचं जड नेपथ्य असेल तर त्याच्या पायांखाली फळी टाकावी. जमीन फार लवचीक करू नका, उसळली तर घोटा मुरगळतो. मध्यम आकाराच्या स्टेजला हे काम आजच्या बाजारभावात माझ्या अंदाजानं पाच-सहा लाखांत कायमचं होतं. तात्पुरत्या जमिनीला आम्हाला साहित्य आणि मजुरीसकट सव्वादोन लाख लागले.

शाळांनाही सांगणं आहे. मैदानातल्या सिमेंटच्या ओट्यावर गॅदरिंग घेता, पोरं महिनाभर त्यावर सराव करतात. ओट्यावर वासे टाकून फळ्या अंथरल्या तरी पुरे. मंडपवाल्याकडे दोन्ही असतात, मागितलं तर तो देतो, कुणी मागत नाही.

मुंबईला परत जाताना बाईंनी मार्लेचे पट्टे नेले. प्लाय आणि फोमचे ठोकळे नेणं परवडणारं नव्हतं, ते आयोजकांशी बोलून माझ्याकडे ठेवले आहेत. ४८ शीट माझ्या शेडमध्ये उभी आहेत, प्रत्येकावर ओळ आणि नंबर खडूनं लिहिलेला आहे. जालना, परभणी, हिंगोली, बीड, नांदेड, लातूर, धाराशिव, कुठल्याही गावात नाचाचा कार्यक्रम असेल, मग बॅले असो, भरतनाट्यम असो, लावणी असो की शाळेचं गॅदरिंग, ही जमीन घेऊन जा. भाडं नको. टेम्पो तुमचा आणि हाताखाली दोन माणसं तुमची, पहिल्यांदा घालून द्यायला मी स्वतः येईन. माझा पत्ता आपल्या कचेरीत देऊन ठेवला आहे. अट एकच, शीट भिजू देऊ नका, आणि परत आणाल तेव्हा खडूचे नंबर पुसलेले नसावेत.

आपला,
एक सुतार,
छत्रपती संभाजीनगर